आई-बाबा वेगळे झाले, मुलाचं पुढे काय होतं?

घटस्फोट आणि मुलं हा विषय निघाला की दोन ठाम मतं ऐकू येतात. ‘पोरं लवचीक असतात, वर्षभरात सावरतात’ हे एक. ‘मुलांचं आयुष्य कायमचं विस्कटतं, त्यांच्यासाठी तरी एकत्र राहा’ हे दुसरं. गंमत अशी की दोन्ही मतांना आधार देणारं संशोधन आहे, आणि ते एकाच देशात, साधारण एकाच काळात झालं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टाइन यांनी १९७१ साली कॅलिफोर्नियात आई-वडील वेगळे होत असलेल्या ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांशी बोलायला सुरुवात केली आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांचा माग ठेवला. त्यांचं निरीक्षण काळजीत टाकणारं होतं. लहानपणी ठीकठाक दिसलेली काही मुलं, विशेषतः मुली, विशीत आल्यावर आणि स्वतःच्या जोडीदाराचा प्रश्न उभा राहिल्यावर डळमळत होती. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अनेक वर्षं सुमारे १४०० कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांच्या हिशेबात घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना गंभीर भावनिक, सामाजिक किंवा मानसिक अडचणी आल्या. आई-वडील एकत्र राहिलेल्या घरांत हेच प्रमाण १० टक्के होतं.

हा आकडा कोणी कुठून वाचतो यावर सगळं अवलंबून. धोका अडीचपट, हे खरं. चारांतली तीन मुलं त्या गटात नव्हती, हेही तितकंच खरं.

वॉलरस्टाइन यांच्यावर टीका झाली, ती रास्त होती. कुटुंबं थोडी, एकाच भागातली. सुरुवातीला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि बऱ्याच पालकांना घटस्फोटाआधीपासूनच स्वतःचे मानसिक त्रास होते. पण त्यांनी जे ऐकलं ते खोटं नव्हतं. त्यांनी मुलांची वेदना ऐकली, हेदरिंग्टन यांनी बिघाड मोजला. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की वाद कधीच संपत नाही.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक नेमका पकडला. त्यांच्या अभ्यासातली तरुण मुलं कॉलेजात शिकत होती, नैराश्याच्या चाचणीत त्यांचे गुण इतरांसारखेच होते. पण नीट विचारल्यावर त्यांच्यातली बरीच जण सांगत होती की आपलं बालपण इतरांपेक्षा अवघड गेलं, वडिलांचं आपल्यावर खरंच प्रेम आहे का हे अजून कळत नाही, आणि एखाद्या समारंभाला दोघंही येणार म्हटलं की ताण येतो. याला आजार म्हणता येत नाही. औषध लागत नाही, निदान होत नाही, पण वीस वर्षं बरोबर राहतं. बहुतेक मुलांच्या वाट्याला घटस्फोटाचा येणारा दीर्घ परिणाम हा असाच असतो.

आता प्रत्यक्ष आजाराचे आकडे. २०१९ साली ५४ अभ्यास एकत्र करून, पाच लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात मोठेपणी नैराश्य येण्याचं शक्यतेचं गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही गटांत शक्यता सारखीच) १.२९ निघालं, चिंतेच्या विकारांचं १.१२, आत्महत्येच्या प्रयत्नाचं १.३५, धूम्रपानाचं १.६४. हे गुणोत्तर ऐकून घाबरायला होतं, म्हणून साध्या हिशेबात मांडते. समजा, आई-वडील एकत्र असलेल्या १०० जणांपैकी १० जणांना नैराश्य येत असेल, तर घटस्फोट झालेल्या घरांतल्या १०० जणांमध्ये ते बारा-तेरा जणांना येईल. दोन-तीन जण जास्त. समाज म्हणून पाहिलं तर हा मोठा बोजा आहे. एका मुलाकडे बोट दाखवून ‘याचं आता असंच होणार’ म्हणायला मात्र हा आकडा अजिबात पुरत नाही.

कोर्टाच्या तारखेच्या आधीची वर्षं

ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा आजतागायत चालू आहे. त्यातली काही मुलं सात वर्षांची असताना आई-वडील एकत्र होते, अकराव्या वर्षापर्यंत वेगळे झाले होते. अँड्र्यू चर्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवलं की ‘घटस्फोटामुळे’ म्हणून मोजल्या जाणाऱ्या अडचणींचा बराच भाग सातव्या वर्षीच, म्हणजे घर मोडण्याआधीच, दिसत होता. मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त. त्याच पिढीचा तेहतिसाव्या वर्षापर्यंत माग घेतल्यावर दुसरी बाजूही पुढे आली. दोन गटांमधलं अंतर विशी-तिशीत वाढलेलं होतं. म्हणजे काही भाग आधीचा आणि काही भाग नंतर साचत गेलेला.

पॉल अमॅटो आणि अॅलन बूथ यांच्या अभ्यासातली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या जोडप्यांना १९८० पासून ठरावीक वर्षांनी फोनवर प्रश्न विचारले जात होते, त्यामुळे घटस्फोटाच्या आधी घरात किती भांडणं होती याची नोंद हाताशी होती. जिथे भांडण तीव्र होतं, तिथली मुलं, आई-वडील भांडत एकत्रच राहिलेल्या मुलांपेक्षा, ते वेगळे झाल्यावर मोठेपणी जास्त बरी होती. जिथे भांडण फारसं दिसत नव्हतं आणि तरी घटस्फोट झाला, तिथल्या मुलांना सगळ्यात जास्त त्रास झाला.

पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. पण मुलाच्या जागेवरून पाहा. रोज आरडाओरडा असलेल्या घरातल्या मुलाला कारण माहीत असतं, आणि निदान घर शांत होतं. शांत घरातल्या मुलाला मंगळवारी सगळं ठीक असतं आणि बुधवारी बाबा बॅग भरताना दिसतात. त्याच्याकडे कारण नसतं, मग ते स्वतः कारण तयार करतं. लहान मुलाने तयार केलेल्या कारणात बहुतेक वेळा ते स्वतःच असतं. त्यातून आणखी एक गोष्ट ते शिकतं, जी जास्त वर्षं टिकते: सगळं ठीक दिसत असतं तेव्हाही काहीही होऊ शकतं. तेव्हा ज्यांनी ‘आम्ही मुलांसमोर कधी भांडलो नाही’ याच्या जोरावर खुलासा टाळला, त्यांनी उलट जास्त खुलासा करायला हवा होता.

हिंसेचं घर मात्र या सगळ्या चर्चेत वेगळं काढायचं. तिथे ‘दोघांनी मिळून समजुतीने’ हा सल्लाच धोक्याचा ठरतो. भेटी तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली, निरोप फक्त लेखी, पत्ता गुप्त, आणि सुरक्षिततेनंतर बाकी सगळं.

अबोल्याचं माप

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. २०१ धडधाकट प्रौढांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला, त्यांना वेगळं ठेवलं आणि कोण आजारी पडतं ते पाहिलं. ज्यांचे आई-वडील लहानपणी वेगळे झाले आणि नंतर वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांना सर्दी होण्याची शक्यता तिपटीहून जास्त निघाली. ज्यांचे आई-वडील वेगळे होऊनही बोलत राहिले होते, त्यांच्यात आणि न मोडलेल्या घरांतल्या माणसांत फरक दिसला नाही. एका प्रयोगावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी विभक्त होणं आणि अबोला धरणं हे दोन वेगळे आघात आहेत, हे इतक्या थेट दाखवणारा दुसरा पुरावा मिळणं कठीण.

नेमकं काय लागतं मुलाला

परिणाम म्हणजे एक मोठा ढग नसतो. चार-पाच वेगवेगळ्या नळ्यांतून तो मुलापर्यंत येतो, आणि प्रत्येक नळी वेगळी बंद करावी लागते.

पहिली नळी सोडून दिलं जाण्याच्या भीतीची. अॅरिझोनात ९ ते १८ वयोगटातल्या ५५९ मुलांच्या अभ्यासात दिसलं की पालकांचं भांडण जितकं जास्त मुलांपर्यंत पोहोचलं तितकी ही भीती वाढली, आणि जिथे भीती वाढली तिथे काही महिन्यांनी मानसिक लक्षणंही वाढली. मुलाचा तर्क सरळ असतो. बाबा आईला सोडून गेले, आई माझ्यावर चिडली आहे, म्हणजे पुढचा नंबर माझा. म्हणूनच ‘आमचं एकमेकांवर आता प्रेम राहिलं नाही’ हे वाक्य मुलाला कधीही सांगू नये. मोठ्यांना ते प्रामाणिक वाटतं. मुलाला त्यातून इतकंच कळतं की प्रेम संपतं.

दुसरी नळी निरोप्या होण्याची. ‘बाबांना सांग पैसे अजून आले नाहीत.’ ‘आईला विचार शनिवारी चालेल का.’ वाक्यं साधी आहेत, पण ती पोहोचवणाऱ्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग झेलावा लागतो. काही महिन्यांत मूल निरोप गाळायला शिकतं, मग बदलून सांगायला, मग खोटं बोलायला. त्यानंतर दोन्ही घरं म्हणतात की दुसऱ्याने त्याला खोटं बोलायला शिकवलं. किशोरवयीन मुलांवरच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात, आई-वडिलांच्या मध्ये अडकल्याची भावना हाच नैराश्य आणि चिंतेशी जोडलेला धागा सापडला. दोघांचं भांडण असूनही ज्या मुलांना अडकल्यासारखं वाटत नव्हतं, ती बरी होती.

तिसरी सगळ्यात फसवी, कारण ती बाहेरून गुणासारखी दिसते. दहा वर्षांची मुलगी धाकट्याला झोपवते, आईचे डोळे पुसते, शाळेत पहिली येते, कधी तक्रार करत नाही. सगळे म्हणतात, किती समजूतदार! ही मुलगी घरातल्या मोठ्या माणसाची जागा भरून काढत असते. तिला तपासायचा एक साधा मार्ग आहे: तिने शेवटचा हट्ट कधी केला ते आठवा. सहा महिन्यांत एकही हट्ट आठवत नसेल, तर गुणांचं कौतुक थांबवून तिचं ओझं शोधायला लागा. विशी-तिशीत नात्यांत थकून समुपदेशकाकडे येणाऱ्यांमध्ये अशी ‘समजूतदार’ मुलं भरपूर असतात. घटस्फोटाच्या वेळी त्यांच्याकडे कोणी पाहिलेलंच नसतं, कारण त्रास देणारी मुलं दुसरी होती.

चौथी नळी पालकत्व ढासळण्याची. वेगळं झाल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत आई आणि वडील दोघंही स्वतः कोसळलेले असतात. झोपेच्या वेळा सुटतात, नियम एका दिवशी कडक आणि दुसऱ्या दिवशी गायब, अपराधीपणातून भेटवस्तू. बहुतेक घरं दोन-तीन वर्षांत पुन्हा रुळावर येतात, पण तेवढा काळ म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचं निम्मं आयुष्य. आणि पाचवी नळी पैशाची: उत्पन्न घटतं, घर बदलतं, शाळा बदलते, मित्र सुटतात. यातल्या प्रत्येक बदलाचा वेगळा त्रास होतो. शक्य असेल तर पहिल्या वर्षात शाळा बदलू नये. घर बदलणं अटळ असेल तर शाळा तीच ठेवून लांबचा प्रवास परवडतो.

वयाप्रमाणे चेहरा बदलतो. तीन ते पाचमध्ये अंथरूण पुन्हा ओलं होणं, चिकटून राहणं. सहा ते आठमध्ये उघड रडणं आणि दोघांना परत एकत्र आणण्याचे बेत. नऊ ते बारामध्ये राग, पोटदुखी, डोकेदुखी, आणि एकाची बाजू घेणं. तेराच्या पुढे घराबाहेर राहणं, लवकर नात्यांत पडणं, सिगारेट-दारू.

सांगायचं कसं

इथे घाई आणि उशीर दोन्ही नडतात. शाळकरी मुलाला, कोणीतरी घर सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सांगावं. तीन-चार वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी पुरे. फार आधी सांगितलं तर त्याला रोज वाटतं की आजच जाणार. सगळ्या भावंडांना एकाच वेळी, शक्य तर दोघांनी मिळून. मोठ्याला आधी सांगून ‘धाकट्याला सांगू नकोस’ म्हणणं म्हणजे त्याच्यावर गुपित लादणं. झोपायच्या आधी, परीक्षेच्या आठवड्यात, वाढदिवसाला सांगू नये. सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगावं म्हणजे उरलेला दिवस प्रश्नांसाठी मोकळा राहतो.

दहा मिनिटं पुरतात. शब्द आधी कागदावर लिहून ठेवा, कारण ऐनवेळी माणूस रडतो किंवा सफाई द्यायला लागतो. साधारण असं: ‘आम्ही दोघांनी वेगळ्या घरांत राहायचं ठरवलंय. हे मोठ्यांचं कारण आहे. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही, आणि तू काही केलंस म्हणून हे बदलणारही नाही. तू माझं मूल आहेस, ते कधी बदलत नाही. शाळा तीच राहील. सोमवार ते गुरुवार तू इथे झोपशील, शुक्रवारपासून रविवारपर्यंत बाबांकडे.’ ‘तू काही केलंस म्हणून हे बदलणारही नाही’ हे लोक गाळतात. ते गाळलं की मूल चांगलं वागून घर जोडायचा प्रयत्न सुरू करतं, आणि तो फसला की दोष पुन्हा स्वतःला देतं.

यानंतर मूल बऱ्याचदा विचारतं, ‘मी खेळायला जाऊ?’ त्याला काही वाटलंच नाही असं समजू नका. ते तुकड्या-तुकड्याने पचवतं. पुढच्या सहा महिन्यांत तेच प्रश्न पाच-सात वेळा येतील आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत द्यावं लागेल. पुढे अकराव्या-बाराव्या वर्षी आणि पुन्हा सोळा-सतराला ते नव्या समजेने तोच विषय काढतं. तेव्हा ‘हे आता जुनं झालं’ म्हणून झिडकारू नये.

दोन घरांमधला रस्ता

रोजच्या नुकसानीचा मोठा भाग मुलाला ने-आण करण्याच्या दहा मिनिटांत होतो. सोपा उपाय म्हणजे ती अदलाबदल शाळेच्या दारात करणं: एकाने सकाळी सोडायचं, दुसऱ्याने दुपारी आणायचं. दोघं समोरासमोर येतच नाहीत, आणि मुलाला एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागत नाही.

टूथब्रश, रात्रीचे कपडे, चार्जर, रोजचं औषध हे दोन्ही घरांत वेगवेगळं असावं. मुलाने बॅग भरून प्रवास करायचा तो फक्त दप्तराचा आणि आवडत्या एखाद्या वस्तूचा. ती वस्तू कोणत्या घराने घेतली हे मोजू नका. भिंतीवर महिन्याचं कॅलेंडर दोन रंगांत रंगवून ठेवावं, दोन्ही घरांत सारखं. चार वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या शनिवारी’ कळत नाही, ‘अजून तीन वेळा झोपलास की’ कळतं. त्या वयात भेटींमधलं अंतर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, मग भेट छोटी असली तरी चालेल. चौदाव्या वर्षी उलटं होतं. शनिवार-रविवार मित्रांचा असतो, आणि मुलगी ‘या वेळी नको’ म्हणाली तर तो नकार पालकाला नसतो, वेळापत्रकाला असतो. ते मनावर घेऊन कोर्टात धावणाऱ्या वडिलांनी मुलीला कायमची दूर केल्याची उदाहरणं समुपदेशकांना चांगलीच माहीत असतात.

दुसऱ्या घरातून आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास मूल चिडचिडं असतं. त्यावरून ‘तिकडे काहीतरी झालं असणार’ असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक वेळा ते फक्त एका घराचे नियम काढून दुसऱ्याचे अंगावर चढवत असतं. खायला द्या, प्रश्न विचारू नका. ‘तिकडे कोण आलं होतं?’ हा प्रश्न तर कधीच नको.

आणि कबूल करून न येणं. दर आठवड्याला येतो म्हणून चारातल्या दोन वेळा न येणारा पालक, महिन्यातून एकदा ठरल्या वेळी येणाऱ्या पालकापेक्षा जास्त इजा करतो असं माझं स्पष्ट मत आहे. खिडकीत दप्तर घेऊन दोन तास बसलेलं मूल त्या दोन तासांत स्वतःची किंमत ठरवत असतं. जमेल तेवढंच कबूल करा.

पालकांनी आपसांत बोलायचं ते एकाच लेखी मार्गाने, मुलाच्या फोनवरून कधीही नाही. प्रत्येक निरोपात तारीख, वेळ, काय हवं, कधीपर्यंत उत्तर हवं, एवढंच. विशेषणं काढून टाका. चिडून लिहिलेला निरोप एक रात्र ठेवा. हाच निरोप आपल्या मुलाने अठराव्या वर्षी वाचला तर चालेल का, असं स्वतःला विचारून मगच पाठवा.

मध्यस्थी करून घ्यावी का? एमरी यांनी काही दाम्पत्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं मध्यस्थीकडे किंवा कोर्टाकडे वळवलं. मध्यस्थी सरासरी पाच-सहा तासांचीच होती. बारा वर्षांनी, मूल ज्यांच्याकडे राहत नव्हतं त्या पालकांपैकी मध्यस्थी-गटातले २८ टक्के मुलाला दर आठवड्याला भेटत होते, कोर्टाच्या गटातले ९ टक्के. इतक्या कमी तासांचा इतका लांबचा परिणाम मानसशास्त्रात क्वचित दिसतो.

अर्धा-अर्धा ताबा सगळ्यांत चांगला, असंही हल्ली ऐकू येतं. स्वीडनमध्ये बारा आणि पंधरा वर्षांच्या जवळजवळ दीड लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीत दोन्ही घरांत सारखा वेळ राहणाऱ्या मुलांना डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं असे त्रास एकाच पालकाकडे राहणाऱ्यांपेक्षा कमी होते, आणि न मोडलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा थोडे जास्त. पण अशी व्यवस्था जमवणारे पालक मुळात कमी भांडतात, त्यांची परिस्थितीही बरी असते. कडाक्याच्या वैरात हीच व्यवस्था लादली तर मुलाला आठवड्यातून दोनदा रणांगण ओलांडावं लागतं.

नव्या जोडीदाराबद्दल थोडक्यात: नातं स्थिर होईपर्यंत ओळख नको, पहिली भेट तास-दोन तासांची आणि घराबाहेर, ‘आई’ किंवा ‘बाबा’ म्हणायची सक्ती नाही, आणि शिस्त लावण्याचं काम पहिली काही वर्षं जन्मदात्या पालकाचंच. सावत्र घरांत सगळ्यात जास्त ठिणग्या उडतात त्या शिस्तीवरूनच.

मदत कधी घ्यावी

चिडचिड, रडणं, गुण घसरणं पहिल्या काही महिन्यांत अपेक्षित आहे. झोप, भूक, शाळा आणि मित्र या चारांपैकी दोन गोष्टी सलग महिनाभर बिघडलेल्या असतील तर बालमानसतज्ज्ञाला दाखवावं. मरणाबद्दल बोलणं, स्वतःला इजा करणं, वस्तू वाटून टाकणं दिसलं तर त्याच दिवशी. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तज्ज्ञ निवडताना एक अट: जो ताब्याच्या खटल्यात साक्ष देणार, त्यानेच उपचार करू नयेत. आपलं बोलणं कोर्टात जाणार हे कळलं की मूल बोलायचं थांबतं.

प्रतिबंधासाठी सगळ्यात भक्कम पुरावा एका पालक-प्रशिक्षणाचा आहे. अॅरिझोना स्टेट विद्यापीठात शार्लीन वॉल्चिक आणि अर्विन सँडलर यांनी नऊ ते बारा वर्षांची मुलं असलेल्या २४० घटस्फोटित कुटुंबांवर तो तपासला. आयांसाठी अकरा गटसत्रं, दोन वैयक्तिक. एका गटात मुलांचीही वेगळी सत्रं. सहा वर्षांनी, नुसती पुस्तकं दिलेल्या गटातल्या २३.५ टक्के मुलांना मानसिक विकाराचं निदान झालेलं होतं, आई आणि मूल दोघांनी सत्रं केलेल्या गटात ११ टक्के. शिकवलं काय, तर अगदी साधं. नियमितपणे प्रत्येक मुलाबरोबर एकट्याने पंधरा मिनिटं, ज्यात काय करायचं ते मूल ठरवणार आणि पालक सूचना देणार नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून मजेचा वेळ. चांगलं वागताना पकडून लगेच तसं म्हणणं. मधे न तोडता, उपाय न सुचवता ऐकणं. दोन-तीनच नियम, पण रोज तेच. हे करताना बहुतेक घरांत फसतं ते पंधरा मिनिटांचं: भांडण झालं की शिक्षा म्हणून ती रद्द केली जातात. ती रद्द करायची नसतात, हीच त्यातली खुबी.

मोठी झालेली मुलं

आता तिशीत असलेल्यांसाठी. सोडलं जाण्याआधी आपणच सोडायचं, जोडीदाराचा आवाज बदलला की पोटात खड्डा पडायचा, नातं छान चाललेलं असतानाच जास्त घाबरायला व्हायचं, ही लक्षणं ओळखीची वाटत असतील. अशा अनेकांनी लहानपणी एकतर आरडाओरडा पाहिला किंवा अबोला. भांडण होऊन ते मिटताना पाहिलेलंच नसतं. म्हणून साधा मतभेदही त्यांना शेवटाची सुरुवात वाटतो. जोडप्यांच्या समुपदेशनात हे कौशल्य शिकता येतं: भांडण थांबवायचा एक ठरलेला शब्द, वीस-तीस मिनिटांचा विराम, आणि कोणी परत येऊन बोलणं सुरू करायचं हे आधीच ठरवलेलं. शेवटचा भाग सुटला तर विरामाचाच अबोला होतो.

‘घटस्फोट रक्तातच असतो का’ हाही प्रश्न येतो. २०१८ साली स्वीडनच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात दत्तक गेलेल्या मुलांचा घटस्फोटाचा कल त्यांना लहानाचं मोठं करणाऱ्या पालकांपेक्षा जन्मदात्यांशी जास्त जुळला. याचा अर्थ चटकन चिडणं, भावना लवकर उसळणं असा स्वभावाचा वाटा वारशाने येत असावा. स्वभावाशी काम करता येतं, तेव्हा यात शाप म्हणावा असं काही नाही.

एक काम उपचाराशिवायही करता येतं, आई-वडील हयात आहेत तोवर. दोघांना वेगवेगळं भेटून कारणं विचारू नका, तारखा विचारा. वेगळं व्हायचं पहिल्यांदा कधी बोलणं झालं, घर कोणत्या महिन्यात सोडलं, शाळा कधी बदलली, भेटी कधी थांबल्या. कारणं कधीच जुळत नाहीत, तारखा बऱ्यापैकी जुळतात. ‘मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ अशी सहाव्या वर्षी मनात बसलेली साखळी अशा कागदावर उतरवली की पुष्कळदा दिसतं, हट्ट केला त्या दिवसाच्या चार महिने आधीच नव्या खोलीचं भाडं भरून झालेलं होतं.